यातिचचा पाय

यातिच माझा चुलतभाऊ, म्हणून सांगायला लाज वाटते. बोगोरिया तळ्यावर तो गाईड होता आणि जन्मात त्याने खरं म्हणून काही सांगितलं नाही. टिटवीला तो गरुडाची मावशी म्हणायचा. पाहुणे लिहून घ्यायचे.

त्याची बायको कोबिलो काठच्या उकळत्या झऱ्यांपाशी चहा आणि मध विकायची. "ही कोण?" असं पाहुण्यांनी विचारलं की हा खुशाल सांगायचा, "गावातली बाई आहे. बिचारीला मी कामाला ठेवलंय." कोबिलो ऐकायची आणि कप विसळायची.

त्या वर्षी तळ्याचं पाणी चढलं आणि गुलाबी रोहित पक्षी उठून दुसऱ्या तळ्यावर गेले. गुलाबी काठ बघायला आलेल्या पाहुण्यांना नुसता चिखल दिसू लागला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पक्षी गेले. यातिच म्हणाला, "टेकडीमागे झोपलेत." तिथवर चालवत नेलं आणि तिथे म्हणाला, "आत्ताच उडाले."

एक म्हातारा पाहुणा वैतागला. "पक्षी नाहीत, तर निदान झरे तरी जवळून दाखव."

झऱ्यांभोवतीची जमीन वरून कोरडी दिसते, पण आत पाणी खदखदत असतं. हे आमच्याकडे शेळ्यांनाही कळतं. कोबिलोने हाक मारली, "जेरोपच्या बापा, कुंपणाच्या आत जाऊ नकोस."

"तू चहा बघ," तो म्हणाला आणि छाती काढून फोटोसाठी आत जाऊन उभा राहिला. पापुद्रा फुटला. उजवा पाय पोटरीपर्यंत आत गेला.

पाहुणे किंचाळले. हातातला कॅमेरा मात्र कोणी खाली ठेवला नाही. कोबिलो पोटावर सरपटत गेली, मध काढायची लांब काठी त्याच्या हातात दिली आणि त्याला ओढून काढलं. मग पाठीवर घेऊन थंड ओढ्यापर्यंत नेलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याचा पाय पाण्यात धरून बसली. तिची कोपरं सोलून निघाली होती.

पाय वाचला. यातिच लंगडत कामावर परतला आणि पहिल्याच दिवशी पाहुण्यांना म्हणाला, "बिबट्याने धरला होता. मी एकट्याने त्याचा जबडा फाकवला."

कोबिलोने चूल विझवली, भांडी टोपलीत भरली आणि लेकीला, जेरोपला, घेऊन माहेरी गेली.

दोन पावसाळे हा पठ्ठ्या एकटा मक्याच्या पिठाची उगाली करपवत राहिला. शेवटी मला आणि गावच्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन सासुरवाडीला गेला. कोबिलो दारातच उभी होती.

"येते. पण पाय कसा भाजला ते आधी या सगळ्यांसमोर सांग."

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्याने घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं. मी कशाला मदत करू? मग जमिनीकडे बघत पुटपुटला, "मी मूर्खासारखा आत गेलो. हिने काढलं."

"ही म्हणजे कोण?"

"माझी बायको."

कोबिलो आली. चहाची टपरी मात्र तिने बहिणीला देऊन टाकली. आता ती शेळ्या पाळते आणि तळ्याकडे फिरकत नाही. यातिच अजून गाईड आहे. परवा तिकडून जाताना कानावर पडलं, त्याच्या गोष्टीतला बिबट्या गेलाय, आता मगर आलीय. आमच्या तळ्याच्या खाऱ्या पाण्यात मासासुद्धा जगत नाही.