लॅपटॉप दोन, पॉइंट एक

माझ्या बॅगेत तीन पानांची नोटीस होती. ती दुकानदारासमोर उभे राहून मोठ्याने वाचावी, असा माझा मानस होता. परंतु माझी पक्षकार शुभदा घोलप माझा कोट ओढत म्हणाली, “काका, नोटीस नंतर. माझा जुना लॅपटॉप शोकेसमध्ये आहे आणि त्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे!”

नाशिकमधील लोडशेडिंगची ती वर्षे. मी तेव्हा ग्राहक मंचात वकिली करीत असे. शुभदा आर्किटेक्ट. विंचूरच्या वाइन पार्कमध्ये एका कारखान्याच्या इमारतीचा आराखडा काढण्याचे, तिचे पहिले मोठे काम, मिळण्याच्या बेतात होते. त्यासाठी मालकांना वॉक-थ्रू दाखवायचा होता. वॉक-थ्रू म्हणजे न बांधलेल्या इमारतीतून पडद्यावर फिरून येणे. लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड एकामागून एक चित्रे रंगवते. ती भराभर आली, तर आपण चालत असल्याचा भास होतो. रेंगाळली, तर पावलोपावली ठेच लागल्यासारखे वाटते.

शुभदाने जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला होता. त्यात वॉक-थ्रू वाइनच्या पिंपांच्या खोलीच्या दारापर्यंत जाई आणि तेथेच अडखळत राही. मालक त्या दारातून आत गेल्याखेरीज काम देणार नव्हते.

कारण तिने मला समजावले होते. जुन्या कार्डाला स्वतःची मेमरी होती. नवे कार्ड लॅपटॉपच्या मुख्य मेमरीतून लागेल तेवढी उसनी घेई. एकाच्या घरात भरलेले कोठीघर आणि दुसरा दर खेपेस वाटी घेऊन शेजारच्या दारात. खोक्यावर मात्र त्या उसन्या मेमरीचा आकडा जुन्याच्या दुप्पट, आणि मुठीएवढ्या अक्षरांत. त्यापुढचा ‘पर्यंत’ हा शब्द वाचण्यास मला भिंग लागले. अशा छपाईविरुद्ध मी संबंधित खात्यास पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही, म्हणून स्मरणपत्रही लिहिले होते.

दुकानाचे मालक भामरे मूळचे सटाण्याचे. एरवी शहरी बोलत. चिडले की गावची बोली बाहेर येई.

“मॅडमसमोर टेस्ट झाली होती, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “दोन्ही मशीन शेजारी ठेवली. नवं जास्त पळालं. काय मॅडम, पळालं का नाही?”

“पळालं,” शुभदा म्हणाली.

सत्यवादी पक्षकारासारखे संकट वकिलास दुसरे नाही.

“मग फसवणूक कुठं झाली?”

“ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही,” मी म्हणालो. “टेस्ट पुन्हा घ्या. येथेच, आत्ताच.”

भामरे हसले. त्यांनी शोकेसमधून जुना लॅपटॉप काढून शुभदाच्या नव्याशेजारी ठेवला. लाइट गेलेली होती. दुकान इन्व्हर्टरवर चालले होते. त्यांनी जुन्याचा चार्जर इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावला. मी नव्याचा चार्जर घेऊन पुढे सरसावलो, तसा त्यांनी हात आडवा घातला.

“कस्टमरचं मशीन आमच्या इन्व्हर्टरला लागत नाही. दुकानाचा नियम आहे. कोणाचा चार्जर कसला असतो, काय माहीत!”

“नियमाला अपवाद?”

“सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.”

“उत्तम. चालवा.”

शुभदाने पेन ड्राइव्हवरून दोन्हींवर तोच वॉक-थ्रू लावला. जुना लॅपटॉप पिंपांच्या खोलीत शिरला, फिरला, मागच्या अंगणात निघाला. नवा दारापर्यंतही पोहोचला नव्हता.

भामऱ्यांचा चेहरा लाल झाला. “हाऊ अन्याय शे, साहेब! नवं बॅटरीवर शे! बॅटरीवर कार्ड लाइट वाचवायला आपोआप मंद होतं, हे पोरासोरांना माहीत आहे!”

मी चष्मा पुसला. अशी वाक्ये वकिलाच्या आयुष्यात फार येत नाहीत.

“भामरे, मागच्या टेस्टच्या वेळी लाइट होती?”

“नव्हती.”

“जुना लॅपटॉप तेव्हा कोणाचा होता?”

“मॅडमचा.”

“म्हणजे कस्टमरचा. मग पॉइंटला कोण होते आणि बॅटरीवर कोण?”

भामरे इन्व्हर्टरकडे पाहू लागले. शुभदाने कपाळावर हात मारला. “आणि मी समोर उभी होते, काका! बॅटरी फुल होती, म्हणून डोक्यातच आलं नाही.”

भामरे लबाड नव्हते, हे मला त्या क्षणी पटले. नियम त्यांनी इन्व्हर्टरसाठी केला होता. परंतु त्या नियमाने लोडशेडिंगमधील प्रत्येक तुलना दुकानाच्या बाजूने झुकत होती. तरीही तो एकतर्फी निकाल घेऊन निघून जाणे मला मान्य नव्हते. मी दोघांनाही पॉइंट देण्याची मागणी केली.

“आणि इन्व्हर्टर जळाला तर?”

मी काउंटरवरचा कोरा कागद ओढला. शुभदाच्या लॅपटॉपमुळे इन्व्हर्टरास इजा झाल्यास सर्व जबाबदारी माझी, असे हमीपत्र पाच कलमांत लिहिले. भामऱ्यांनी ते दोनदा वाचले आणि नव्यासाठी दुसरा पॉइंट मोकळा केला.

या वेळी नवा दारापर्यंत नेटाने आला. पिंपे दिसू लागताच मात्र पुन्हा अडखळला. जुना तोवर अंगणात होता.

“मॅडम,” भामरे चार्जर गुंडाळत म्हणाले, “तुमचा तुम्ही घेऊन जा. नवा राहू द्या इथंच. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मी बघतो. आणि वकीलसाहेब, ती नोटीस?”

“बॅगेतच राहील,” मी म्हणालो. तीन पाने वाया गेल्याचे दुःख मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

विंचूरचे मालक पिंपांच्या खोलीत विनासायास शिरले आणि शुभदाला काम मिळाले. धडा एवढाच, की दोन पक्षांची तुलना करण्यापूर्वी दोघांनाही सारखा वीजपुरवठा द्यावा. कायद्यात यास नैसर्गिक न्याय म्हणतात.

भामऱ्यांनीही आपला नियम बदलला. आता कोणाही गिऱ्हाइकाला इन्व्हर्टरचा पॉइंट मिळतो; त्याने आधी एका छापील हमीपत्रावर सही करायची असते. मसुदा पाच कलमांचा आहे, शब्दशः माझा आहे आणि माझ्या परवानगीवाचून वापरला जात आहे. याबाबत मी त्यांना दोन पत्रे पाठवली आहेत.