गप्प राहिलेला तुकडा

विटेचा तुकडा हाती दिला की आत्या आधी तो तळहातावर तोलत, मग त्यावरून अंगठा फिरवत आणि तो ज्या घराचा, त्या घराचे वय सांगत. बहुधा चुकत नसत. तीस वर्षे त्यांनी पाडकामावर काढली होती. नवरा वर घण घाली, त्या खाली घमेली भरत. घर बांधणाऱ्याचे नाव सगळे विचारतात, पाडलेल्या घराचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती.

भाच्याने ती तक्रार मनावर घेतली असावी. इंजिनिअर झाल्यावर त्याने नोकरी धरली नाही, एक शेड घेतली. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणायचा, निवडायचा, दळायचा आणि थोडे सिमेंट घालून त्याचे स्वस्त ब्लॉक पाडायचे, असा हा उद्योग होता. ज्यांना नवी वीट परवडत नाही त्यांची भिंत जुन्या भिंतीतून उभी राहावी, एवढाच त्यामागचा विचार. निवडण्याच्या सरकत्या पट्ट्यापाशी पहिली जागा त्याने आत्यांना दिली. नवरा गेल्यापासून ज्यासाठी सकाळी उठावे असे आत्यांपाशी फारसे काही उरले नव्हते. ही जागा त्यांनी जिवापाड जपली.

लोखंड, काच, प्लास्टिक कोणीही वेचून काढील. अवघड असतो तो पांढरा तुकडा. जुन्या भिंतीचा चुना आणि सीलिंगचे पीओपी पट्ट्यावर सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. चुना ब्लॉकमध्ये निमूट राहतो. पीओपी सिमेंटशी वैर धरते. भिंतीला ओल आली की ते आतून फुगते आणि वर्ष-दोन वर्षांत ब्लॉक तडकतो. यासाठी भाच्याने व्हिनेगरची बाटली आणून ठेवली होती. थेंब टाकला की चुना चुरचुरतो, पीओपी गप्प राहते.

"ती बाटली नवशिक्यांना दाखव," आत्या म्हणाल्या होत्या. "मला डोळे आहेत."

बाटली फळीवर धूळ खात राहिली.

खरे तर धड डोळा एकच उरला होता. डाव्या डोळ्यावर तीन महिन्यांपासून सायीसारखा पडदा आला होता. हे ठाऊक होते फक्त शेजारच्या शिवणवाल्या ताईंना, कारण सुईत दोरा ओवून घ्यायला आत्या त्यांच्याकडे जात.

"आत्या, कालच ओवून दिली होती ना?"

"तो दोरा संपला."

"चांगला दोन हात लांब होता."

"मी भरभर शिवते."

ताई हसत आणि सुई ओवून देत. त्यांचे मशीन सासऱ्यांच्या खाटेच्या पायथ्याशी होते. घरात दुसरी जागा नव्हती. "गिरणीत झोपवलंय मला हिने," म्हातारे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. अखेर ताईंनी मागच्या अंगणात मशीनपुरती एक खोली काढायचे ठरवले आणि ब्लॉक भाच्याकडे सांगितले. गुरुवारी टेम्पो यायचा होता.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आत्यांनी हातमोजे काढले. ताईंचे ब्लॉक ज्या मालाचे पाडले होते त्यातले उरलेले खडे पट्ट्याखाली पडले होते. त्यांतला एक पांढरा तुकडा त्यांनी सहज उचलला आणि त्यांचे नख त्यात लोण्यात रुतावे तसे रुतले. मग उठून त्यांनी फळीवरची बाटली काढली, पदराने पुसली आणि दहा तुकड्यांवर थेंब टाकले. सहा चुरचुरले. चार गप्प राहिले.

आजवर जुन्या घरांचाच माल येई. त्यात पीओपी नसेच. या वेळी प्रथमच एका ऑफिसचा राडारोडा आला होता. भिंत तडकेल तोवर कोणत्या हातून काय निसटले हे कोणी विचारणार नव्हते. बोलले, तर पट्ट्यावरची जागा सुटणार होती. आत्यांनी हा हिशेब एकदाच मांडला आणि त्याचे उत्तर त्यांनाच आवडले नाही. त्या भाच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गुरुवारचा टेम्पो नको म्हणून कळव."

"का गं आत्या?"

"मालात पीओपी गेलंय. माझ्या हातून."

त्याने तुकडे पाहिले. "तुझ्या हातून? कसं शक्य आहे?"

"डावा डोळा गेलाय. तीन महिने झाले."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

त्याने टेम्पोवाल्याला फोन लावून गुरुवारी येऊ नको म्हणून कळवले. ते ब्लॉक भिंतीत घालण्याजोगे राहिले नव्हते. शेडमधल्या कोरड्या जमिनीवर नवा माल रचायला त्यांचा ओटा केला. ताईंना ही बातमी द्यायला आत्या स्वतः गेल्या.

"दोन महिने थांबावं लागेल तुला. माझ्यामुळे."

"सुई ओवून देत होते तेव्हाच मी बोलायला हवं होतं," ताई म्हणाल्या.

"बोलली असतीस तर मी दुसरं घर गाठलं असतं."

खाटेवरून म्हातारे म्हणाले, "म्हणजे गिरणी अजून दोन महिने."

भाच्याने पट्ट्यावर दोन तरुण मुली नेमल्या आणि आत्यांना घरी बसवले नाही. पट्ट्याच्या टोकाशी त्याने एक टेबल टाकले, वर बाटली ठेवली. शंका आली की मुली पांढरा तुकडा टेबलावर ठेवत. आत्या त्यावर थेंब सोडत आणि तो कानाशी नेत. ती चुरचुर उजव्या डोळ्याला नीटशी दिसत नसे. कानाला स्वच्छ ऐकू येई.

"आत्या दगडाला फोन लावतात," एक मुलगी म्हणाली.

"लावते. चुना असला तर उचलतो."

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, पण त्याआधी ताईंचे नवे ब्लॉक तयार झाले. टेम्पो भरला, ताई ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. इंजिन धडधडू लागले. निरोपाला सगळे बाहेर आले, आत्या तेवढ्या टेबलापाशीच होत्या. पुढच्या मालातला एक तुकडा त्यांच्या कानाशी होता.

"अरे, ते बंद कर जरा," त्या तिथूनच म्हणाल्या. "काही ऐकू येत नाहीये."

ड्रायव्हरने ताईंकडे पाहिले. ताईंनी मान हलवली आणि त्याने चावी फिरवली. इंजिन थांबले.

"हं," आत्या म्हणाल्या आणि तुकडा चुन्याच्या घमेल्यात टाकला. "जा आता."