डिझेल थांबल्यावर

तळ्यावर नाव चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगाकाका म्हणत. डिझेलच्या इंजिनाशेजारी उभं राहून पाहुण्यांना बेटाची माहिती द्यायची म्हणजे ओरडावंच लागे, आणि ती सवय घरापर्यंत आली होती. हे जेवताना मीठ मागतात आणि शेजारीण मीठ घेऊन येते, असं बायको म्हणे.

धक्क्यावरच्या नावाड्यांना प्रशिक्षणाला बसवलं, तेव्हा तो मुद्दाम मागच्या बाकावर गेला. तेलाने पाण्याचं काय होतं, बॅटरीवरची मोटर कशी चालते, फोनवर बुकिंग कसं घ्यायचं, हे शिकवणाऱ्या बाई समजावत होत्या.

"मी पालथा घडा, बाई. उगाच पाणी ओतू नका."

बाई हसल्या, पण सोडलं नाही. फोनवर बोलून निरोप पाठवताना त्याने असा आवाज लावला की अख्खा वर्ग दचकला. "काका, फोनला ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

डिझेलचं इंजिन काढून बसवलेल्या नव्या मोटरवर पहिली फेरी निघाली. नाव सुटली हे त्याला कळलंच नाही. किनाराच अलगद मागे सरकू लागला. सवयीने त्याने "डाव्या हाताला बेट!" अशी हाळी दिली आणि पुढच्या बाकावरचं तान्हं बाळ किंचाळत उठलं. तो ओशाळून गप्प झाला.

तो गप्प झाला तसं पाणी बोलू लागलं. नावेच्या कडेला चुबुक चुबुक, लव्हाळ्यात सळसळ, दूर कुठेतरी एका पाखराची शीळ. उभा जन्म इथे गेला, आणि हे सगळं इथेच होतं?

"हा कोणता पक्षी?" कुणीतरी विचारलं.

"काय माहीत! मीही आजच ऐकतोय." स्वतःचा हळू आवाज त्याला परक्याचा वाटला.

संध्याकाळी त्याने बायकोला नावेत बसवलं. धुराने डोकं उठतं म्हणून ती कधी यायचीच नाही. तळ्याच्या मध्यावर त्याने मोटर बंद केली. आभाळ पाण्यात उतरलं होतं. नाव ढगांवर ठेवल्यासारखी तरंगत होती. पाण्यात बोटं सोडून ती गुणगुणत होती.

"तू गातेस?"

"रोजच गाते. तुम्ही घरात आलात की थांबते."

तो तिच्या समोरच्या बाकावर येऊन बसला. मग म्हणाला, "आता म्हण की."

"सगळं येत नाही हो."

"येतं तेवढं."

ती गाऊ लागली. वाऱ्याने नाव लव्हाळ्याकडे वाहत गेली, आणि अंधारून आलं तरी त्याने ती वळवली नाही.