उटण्याच्या डब्यातल्या साली

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. आमच्या यांच्याजवळही नाही — आणि यांच्यापासून मी साधा साखरेचा डबा कधी लपवला नाही. जरा वळसे घेतच सांगते, चालेल ना?

माझी भाची रेवा अमरावतीला एम.एस्सी. करत होती. फळांच्या सालीत एक सत्त्व असतं म्हणे. लोखंडाला गंज चढतो तशी शरीरातही झीज चालते, तिला ते सत्त्व अडवतं. बाजारातल्या संत्र्याची साल आणि आमच्या वरूडच्या बागेतली साल, दोन्हींचा अर्क ती ताडून पाहणार होती. बागेतली साल सुकवायचं काम माझं. विहिरीजवळच्या एकाच झाडाची फळं, साल सावलीत, रोज उलटायची.

“आत्या, उन्हात नको टाकजो बरं! जीव जाते तिचा.”

“मले शिकवून राहिली काय वं? तुह्या जन्माआधीपासून साली वाळवतो मी.”

असं बोलले — आणि चार दिवस अकोल्याला लग्नाला गेले. परत येते तो साली जिथल्या तिथे, खालून हिरवी बुरशी. दुसऱ्याच सकाळी रेवा न्यायला यायची होती. सांगायला काय झालं होतं? झाडावर फळं होती, आठ-दहा दिवसांत नव्या साली झाल्या असत्या. पण एवढं बोलून बसलेली मी — मग — हं, सांगते. दिवाळीच्या उटण्यासाठी ठेवलेला डबा काढला. दोन वर्षांच्या जुन्या साली, गच्चीवर कडक उन्हात वाळवलेल्या. त्याच भरल्या पिशवीत. वर माझ्या अक्षरात चिठ्ठी: विहिरीजवळचं झाड, सावली.

सत्त्व असलं की प्रयोगातलं जांभळं पाणी फिकं पडतं म्हणे. आमच्या सालीनं ते नीट फिकं पडेचना. रेवानं तीनदा करून पाहिलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझा हात स्वच्छ नाही. फोनवर रडली पोरगी — “आत्या, साल तर तुही होती, म्हंजे चूक माहीच.”

मी काय म्हणाले असेन? जेवण कर पोटभर, म्हणाले.

पुढं संशोधनच करायचं, असं तिचं पक्कं होतं. सोडलं तिनं. आता क्लासमध्ये शिकवते, चांगलं शिकवते. पण घरात चहाचा कप धुतला तरी उजेडात धरून दोनदा पाहते.

तिचा प्रबंध आमच्या कपाटात आहे. पहिल्याच पानावर आभार — साली जिवापाड जपून सुकवणाऱ्या माझ्या आत्याचे. दिवाळीला आली की ते पान ती सगळ्यांना वाचून दाखवते. मी तेव्हा उटणं कालवत असते. मान वर करत नाही.