उशीवरचे दोन पोपट

आमची सून घरी बसून कंपन्यांच्या वेबसाइट बनवते. परवा तिच्या स्क्रीनवर पोपट दिसला आणि मी खुर्ची ओढून बसलो. आमच्या हिनं उशीच्या अभ्र्यावर भरलेला पोपट होता तो. ही जाऊन वर्ष झालं.

सून म्हणाली, "बाबा, आईंचा पोपट मी रेघांरेघांनी उतरवून घेतलाय. आता तो सुटा भाग झाला. कुठल्याही पानावर मांडा, मोठा करा, रंग बदला. फाटत नाही, विटत नाही."

त्यातलं मला काही कळत नाही. पण हीसुद्धा तेच करायची. कागदावर एकच पोपट काढलेला, तोच कार्बन ठेवून सगळ्या अभ्र्यांवर उमटवायची. म्हणून आमच्या दोन्ही उशांवरचे पोपट डावीकडंच बघायचे. मी जन्मभर टोमणे मारले, "तुला साधी जोडी जमली नाही."

ती म्हणायची, "पोपटाचं सोडा. तुम्ही कधी तोंड वळवून बोलता का?"

सुनेनं दोन पोपट शेजारी मांडले. "ह्यातला एक फिरवू, बाबा? एवढंसं काम आहे."

तेव्हा कुठं मी नीट बघितलं. डावीकडची उशी माझी. म्हणजे हिचा पोपट इतकी वर्षं माझ्याकडंच बघत होता. पाठ माझ्या पोपटानं फिरवली होती.

"माझा फिरव," मी म्हणालो. "तिचा आहे तसा राहू दे."

पोपट फिरला. दोघं समोरासमोर आले. पोरी, तुझं भलं होवो.