दर्भाचा कावळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतोय—नाही, तसंही नाही. आता पोटात राहत नाही, एवढंच.

आमच्या वहिनी, म्हणजे दादाची बायको. माहेर देवरूखचं. त्यांना कुठलीही गोष्ट लहान दिसायचीच नाही. चार आंबे गळले की यंदाची बाग बुडाली. दादा शिंकला की न्यूमोनिया. विळी नुसती बोटाला लागली तरी घरभर ऐकू यायचं, मेल्ये हो मी! या स्वभावाला आमच्या घरात शब्द तरी किती! दादा म्हणायचा, बाऊ करते. आई म्हणायची, सोंगं. गाजला तो माझा—पराचा कावळा. पुढे तर मी रोज विचारायचो, काय वहिनी, आज किती कावळे उडवलेत? सगळे हसायचे. त्याही हसायच्या. हसायच्या ना? आता खात्रीने सांगता येत नाही मला.

अकरा वर्षं झाली. वैशाखातली दुपार. सगळे जयगडला लग्नाला गेले होते. छातीत कसंसंच होतंय म्हणून वहिनी घरी राहिल्या, आणि ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सोबतीला मला ठेवलं होतं.

मी पडवीत झोपाळ्यावर. आमच्याकडे अशा दुपारी कातळ तापतो आणि सगळं इतकं निपचित होतं, की मागल्या दारी फणसाचं पान पडलं तरी पडवीत कळतं. म्हणजे हाक ऐकू आली नाही, असं होऊच शकत नव्हतं. आली. विहिरीकडून आली.

"भाऊजी, या हो, मेल्ये मी."

आणि मी काय केलं? पायाने झोपाळ्याला झोका दिला आणि ओरडून म्हणालो, "आधी चहा टाका, मग मरा."

स्वतःच्या विनोदावर हसलोसुद्धा. मग आणखी एक हाक आली—बारीक, नुसतं "भाऊजी". त्यानंतर काही नाही. मला वाटलं, रुसल्या. चहाची वेळ टळली तेव्हा चिडूनच मागे गेलो. धुण्याच्या दगडाला टेकून बसल्या होत्या, तोंड दाराकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. थोडं आधी आणलं असतं तर—

दादाला मी सांगितलं, मला झोप लागली होती, हाक आलीच नाही. दादाने ते जपून ठेवलं. भेटायला येईल त्याला सांगायचा, एवढ्यातेवढ्याला घर डोक्यावर घेणारी बाई, आणि जाताना हाकसुद्धा मारली नाही हो तिने. मी शेजारी बसून मान हलवायचो.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. माडांवर कावळे ओळीने बसलेले, पण एक शिवेना. दादाने मुलीच्या लग्नाचं वचन दिलं, आईला सांभाळायचं दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू बोल काहीतरी. तुझ्यावर फार माया होती तिची."

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, वहिनी, दादाची काळजी करू नका. कावळे सगळे माझ्याकडे बघत होते—हे मी वाढवून सांगत नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या वळून कावळा केला आणि तो पिंडाला लावला. जन्मभर मी त्यांना चिडवलं, आणि खरोखर कावळा करायची वेळ आली ती माझ्यामुळे.

तेव्हापासून दुपार कलली की मागल्या दाराकडून हाक येते. रोज नाही. त्यात मेल्ये नसतं, या हो नसतं, वाढवलेलं काहीच नसतं. शांत, रोजच्या आवाजात—

"भाऊजी, चहा टाकलाय."

मी दर वेळी उठून जातो. स्वयंपाकघरात कुणी नसतं, शेगडी थंड असते. परत येतो तेव्हा पडवीतून दादा विचारतो, कुणी हाक मारली का रे?

मी म्हणतो, नाही.