अठरा तासांतली झोप

आमच्या वस्तीतल्या विहारात भीमजयंतीच्या आठवड्यात सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. शाळकरी पोरं, परीक्षांची तयारी करणारे, निवृत्त मास्तर, सगळे आपापली पुस्तकं घेऊन चटईवर. तरुणपणी मीही बसलो होतो. ती गोष्ट मी लेकीला इतक्या वेळा आणि इतकी फुगवून सांगितली, की सात वर्षांच्या त्या जिवानं ठरवून टाकलं, झोपणं म्हणजे हरणं. दोष माझाच.

मग रोज संध्याकाळी घरात तमाशा. भाकरी मधोमध मोडली म्हणून रडू. वेणी सोडली म्हणून रडू. अंथरूण घातलं की त्यावर उड्या. मला वाटायचं, काय उत्साह आहे पोरीत! कौतुकानं म्हणायचो, "माझी वाघीण दमतच नाही."

एकदा भाकऱ्या थापता थापता बायको म्हणाली, "अहो, वाघीण कसली? दमून सैरभैर झालीय ती. वर्गात बाकावर डोकं टेकवून झोपते, बाईंनी बोलावून सांगितलं मला. तुम्ही वाजवा टाळ्या."

दुसऱ्या दिवशी लेकीला समजवायला बसलो, तर म्हणाली, "मी नाय दमले. दमल्यावर कसं वाटतं?"

मी तरी "दमलो" असं घरात कधी म्हणालो होतो? छावणी भागातलं माझं दुकान बंद करून यायचो, सगळ्यांवर चिडायचो, आणि त्याला शिस्त म्हणायचो.

म्हणून आम्ही खेळ सुरू केला. दिवे लागले की एकमेकांचं दमणं ओळखायचं. पहिला सापडलो मीच. आज नळाला पाणी येणार का, हे मी तिसऱ्यांदा विचारलं, तेही ओरडून. लेक नाचतच आली. "पप्पा दमले! पप्पा आउट!" मी मुकाट्यानं आडवा झालो. पाठोपाठ कंबर धरून उठणारी तिची आई आउट झाली. स्वतःचं दमणं मात्र लेक कबूल करीना. डोळे चोळत, माझ्या पोटात ढुशी मारत म्हणायची, "मी ताजी!" आम्ही हसायचो, पण दिवा लवकर मालवायचो. मोबाइल दुसऱ्या खोलीत जायचा. मी हळू आवाजात गोष्ट सांगायचो आणि बहुतेकदा माझाच डोळा आधी लागायचा.

जयंतीचा आठवडा आला. लेक हट्टानं सकाळीच विहारात जाऊन बसली. आम्ही दोघं तिच्या शेजारी बसलो. मी मनातून घाबरलेलो. पोरगी माझ्या बढाईपायी पुन्हा झोप मारत बसणार. दुपार टळली. ओळीवरून फिरणारं तिचं बोट थांबलं. मी तोंड उघडणार, तोच बायकोनं माझा दंड दाबला. "थांबा. तिचं तिला कळू द्या."

लेक उभी राहिली. त्या शांत सभागृहात खणखणीत आवाजात म्हणाली, "मी दमलेय. अक्षरं हलायलीत."

सगळे हसले. उपक्रम सांभाळणारा कॉलेजचा पोरगा म्हणाला, "माझी तर कवापासून हलायलीत. बोलायची हिंमत नव्हती."

"झोपले तर नाव कापता का?" लेकीनं त्याला विचारलं.

"कापू दे की त्याला," पांढऱ्या साडीतल्या एक आजी मागून म्हणाल्या. "मी बघते मग. जा माय, झोपून ये. पुस्तकं कुठं पळून चाललीत?"

लेकीनं माझ्याकडं बघून दोन्ही हात वर केले. मी तिला उचललं. दारापर्यंत पोचेस्तोवर तिचं डोकं खांद्यावर जड झालं. बाहेर मिरवणुकीच्या ढोलांची तालीम जोरात चालली होती, तिला पत्ताच नव्हता. मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना.

कोपऱ्यावर शेजारी भेटला. "जय भीम. काय, किती तास झाले लेकीचे?"

"जय भीम. झोपेचे आत्ताच सुरू झालेत," मी म्हणालो. "हळू बोला जरा."